माझ्या ड्यूटीवर इद्रिस गेला

मला टीबी झाला होता. हे साधं वाक्य लिहायला मला वर्षाहून जास्त काळ लागला, आणि मी स्वतः डॉक्टर आहे. म्हणून आधी तेच लिहून टाकते.

तुम्हाला किंवा तुमच्या घरात कुणाला हा आजार असेल, आणि तुम्ही शेजाऱ्यांना ‘ॲलर्जी आहे’ असं सांगत असाल, तर एवढं ऐका. गोळ्या मधेच सोडू नका, तुम्ही बरे व्हाल. मी झाले. पण बरं झाल्यावर मागे काय उरतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायला मी बसले आहे.

कडू फवारा

२०२० चा मार्च. मी आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालची डॉक्टर होते. राहायला जवळच्या मेनूथ गावात. कोविड वॉर्ड उघडले आणि आमच्या विभागातल्या जवळजवळ सगळ्यांची तिकडे रवानगी ठरली. विचारलं कुणालाच नाही. इटलीतल्या बातम्या आम्ही सगळे बघत होतो, आणि कॅन्टीनमध्ये कुणी फारसं जेवत नव्हतं.

वॉर्डात जाण्याआधी प्रत्येकाची मास्कची चाचणी व्हायची. मास्क लावायचा, डोक्यावर पारदर्शक हुड चढवायचा, नर्स त्यात कडू औषधाचा फवारा मारणार आणि आपण एक उतारा मोठ्याने वाचायचा. तोंडाला कडू लागलं तर मास्कमधून हवा शिरतेय. मी वाचायला सुरुवात केली आणि मला खोकला आला. तो थांबेचना. हुड आतून धुरकट झाला.

“काढ, काढ,” नर्स म्हणाली. “किती दिवसांचा आहे हा खोकला?”

“हिवाळ्यापासून. इथली ओल मला सोसत नाही.”

पुढचं नाव न पुकारता तिने मला तपासणीला पाठवलं.

कोविडची टेस्ट निगेटिव्ह आली. तरी हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांना तपासणाऱ्या डॉक्टरने छातीचा एक्स-रे काढून घ्यायला लावला आणि मग मला त्याच्या खोलीत बोलावलं. स्क्रीनवर एक फिल्म उघडी होती. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळी. असे एक्स-रे मी महाराष्ट्रात शिकताना इतके पाहिले होते की वाचायला क्षणही लागला नाही.

“हा पेशंट कुठल्या वॉर्डात आहे?” मी विचारलं. “वेगळा ठेवलाय ना?”

त्याने माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. “बस, मानसी.”

मग माझं मला एकेक दिसायला लागलं. सैल झालेली जीन्स, जिचा मला आनंद झाला होता. संध्याकाळची कणकण, जी मी प्रवासाच्या दगदगीवर ढकलली होती. ओली उशी. दुसऱ्या कुणी हे सगळं सांगितलं असतं तर मी निदान उभ्या उभ्या केलं असतं.

“तू कोविड वॉर्डात जात नाहीयेस,” तो म्हणाला. “तू सध्या कामालाच योग्य नाहीस. घरी जा.”

भीती वाटली, लाज वाटली, ते सगळं नंतर. सगळ्यात आधी मला हायसं वाटलं. आपल्याला जावं लागणार नाही. ते एवढंसं हायसं वाटणं मी आजवर विसरलेले नाही.

पार्किंगमध्ये गाडीत बसले होते तेव्हा इद्रिसचा फोन आला. इद्रिस सुदानचा, माझ्याच हुद्द्यावर दुसऱ्या टीममध्ये. उंच, किंचित वाकून चालणारा. पेशंटशी बोलताना नेहमी खाटेशेजारी खुर्ची घेऊन बसायचा, त्यामुळे त्याचा राउंड कधी वेळेत संपायचा नाही.

“ऐकलं मी,” तो म्हणाला. “तुझ्या ड्यूट्या मी घेतल्यात. तू फक्त गोळ्या घे.”

“तुलाच का सांगितलं त्यांनी?”

“मी जवळ उभा होतो,” असं म्हणून तो हसला.

माडीवरची खोली

आमच्या घरात चौघं होतो. माझा नवरा समीर लिक्सलिपच्या चिप बनवणाऱ्या प्लांटमध्ये इंजिनिअर, तो प्लांट लॉकडाऊनमध्येही चालू. मुलगी ईरा, सात वर्षांची. आणि माझे वडील, आबा. आई गेल्यावर गावी एकटे पडले म्हणून जानेवारीत आम्ही त्यांना साताऱ्याकडून आणलं होतं. दोन-तीन महिने राहून परत जायचे होते, तेवढ्यात विमानं बंद झाली.

मी वरच्या छोट्या खोलीत बंद झाले. औषध लागू पडेपर्यंत माझ्यापासून सगळ्यांनाच धोका होता. पहाटे अनोशापोटी मूठभर गोळ्या, मग पोटात ढवळणं, लघवी केशरी, अश्रूही केशरी. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते, घाबरू नका, औषधाचाच रंग आहे तो. खिडकी सतत उघडी ठेवायची. एप्रिलमध्येसुद्धा मी खोलीत कोट घालून बसायचे.

समीर ताट दाराबाहेर ठेवून खाली जायचा. शाळा बंद, प्लांटमधल्या शिफ्टा, स्वयंपाक, म्हातारा माणूस, सगळं एकट्याच्या अंगावर. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि ईराची पॉझिटिव्ह आली. आजार नव्हता, पण जंतू तिच्या अंगात पोचले होते. तिलाही काही महिने औषध. त्या दिवशी समीर दाराबाहेर येऊन उभा राहिला.

“तू डॉक्टर आहेस ना?” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “सगळा हिवाळा तिला कुशीत घेऊन झोपलीस. आणि खोकत होतीस.”

तो जिना उतरून गेला. संध्याकाळी ताटाबरोबर कापलेलं सफरचंद होतं, साल काढून, मला आवडतं तसं. आमच्यात माफी वगैरे कुणी मागितली नाही.

ईरा बागेतून माझ्या खिडकीकडे बघून ओरडायची. मी मराठीत विचारायचे, “गोळी घेतलीस का गं?” ती तिच्या आयरिश इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, “आय डिड, ममी, आय’म ग्रँड,” म्हणजे घेतली, मी मजेत आहे. तिची लघवी केशरी झाल्याचं तिने सगळ्या शेजाराला सांगून टाकलं होतं. आमचं गुपित तिथेच संपलं.

शेजारी ब्रीज नावाच्या सत्तरीच्या बाई राहायच्या. मला वाटलं, आता या कुंपणापाशी येणं बंद करतील. त्यांनी उंबऱ्यावर ब्राऊन ब्रेड आणून ठेवला आणि खिडकीखाली उभ्या राहून म्हणाल्या, “माझी मावशी यातच गेली. आमच्या घरात तिचं नाव हळू आवाजात घ्यायचे. तू हळू बोलू नकोस हं.” त्या ब्रेडचा घास गिळताना मला रडू आलं. उशीवर केशरी डाग पडले.

आबांच्या एक्स-रेचा रिपोर्ट आला तेव्हा मला फोन आला. त्यांना आता काही नव्हतं. पण फुफ्फुसावर जुने व्रण होते, कधीकाळी होऊन गेलेल्या टीबीचे. मला माहीत असलेली गोष्ट वेगळी होती. आबा तरुणपणी फौजेत भरती झाले होते, तिथे न्यूमोनिया झाला म्हणून परत आले, अशी.

मी दाराआडून विचारलं, “आबा, तुम्हाला टीबी होता?”

ते दोन पायऱ्या उतरून थांबले.

“व्हता,” ते म्हणाले. “बरा झाला.” आणि खाली गेले.

आवाज

इद्रिस मला आवाजी मेसेज पाठवायचा. वॉर्डातून बाहेर पडून गाडीत बसला की. पेशंटची नावं न घेता काय काय सांगायचा. एक आजोबा मास्क काढून शिव्या देतात. एका बाईंना नवऱ्याशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून त्याने फोन धरून ठेवला, हात भरून आला. शेवटी ठरलेलं वाक्य, “गोळ्या घेतल्यास का, डॉक्टर?”

एप्रिलच्या शेवटाकडे त्याचा एक मेसेज आला. त्यात तो मध्येच थांबला आणि खोकला. कोरडा, आखूड. मी तो परत परत ऐकला. आवाजावरून निदान करायचं नसतं, हे मला कळत होतं. मी त्याला लिहिलं, आजच टेस्ट कर. त्याने अंगठा पाठवला.

तो आमच्याच हॉस्पिटलमध्ये भरती झाला. आधी वॉर्डात, मग आयसीयूत. मी तोवर खोलीबाहेर आले होते, माझ्यापासून कुणाला धोका उरला नव्हता, वजन वाढत होतं. मी बरी होत होते आणि तो खाली खाली चालला होता, आणि दोन्ही बातम्या एकाच फोनवर येत होत्या. मे महिन्यात तो गेला.

दफन आम्ही स्क्रीनवर पाहिलं. मोजकी माणसं, लांब लांब उभी. त्याची बायको अमाल आणि दोन मुलं. मुलगी बापासारखीच उंच.

त्यानंतर मला झोप येईना. डोक्यात एकच साधा हिशोब चालायचा. मास्कच्या चाचणीत मला खोकला आला नसता तर? मी तो दाबला असता तर? कडू लागलं नाही म्हणून पास झाले असते तर? समीर म्हणायचा, “तू ठरवून आजारी पडलीस का?” तो म्हणायचा ते खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

आबांची पलटण

जूनमध्ये एके दिवशी दुपारी आबा मागच्या बागेत बटाटे सोलत बसले होते. मी शेजारी खुर्ची टाकली. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “शिवाचं सांगितलं न्हाई तुला कधी.”

शिवा त्यांच्या शेजारच्या आळीतला. दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाहत्तर साली. “आमच्यात पोराला इचारत न्हवते,” आबा म्हणाले. “घरटी एक फौजेत. बापानं हाताला धरून नेलं, साहेबानं छाती मोजली, झालं.” ट्रेनिंग सेंटरला दोघांच्या खाटा शेजारी. पहिले महिने बरे गेले. मग आबांना धावताना धाप लागायला लागली, आणि एक दिवस रुमालाला रक्त लागलं.

“मी रुमाल लपवला. शिवानंच बघितला आन् कवायत घेनाऱ्या उस्तादाला सांगितलं. मी त्येला लय शिव्या दिल्या. मला पलटनीसंगं जायचं व्हतं.”

मिलिटरी हॉस्पिटल, इंजेक्शनं, मग मेडिकल बोर्ड. फौजेला नालायक. आबांना घरी धाडलं. शिवाची तुकडी शपथ घेऊन बाहेर पडली आणि पूर्वेकडे, सरहद्दीपलीकडे गेली. डिसेंबरात शिवा गेल्याची तार आली.

“माझी खाट त्येच्या शेजारी व्हती,” आबा म्हणाले. “चालतानाबी मी त्येच्या शेजारीच चाललो असतो. मग त्येला लागलं ते मला लागलं असतं, का दोघांना, का कुणालाच न्हाई? पन्नास वर्सं झाली. अजून उमगत न्हाई.”

गावात न्यूमोनिया सांगितला, कारण टीबी म्हटलं असतं तर कुणी मुलगी दिली नसती, आणि पुढे आम्हा बहिणींना कुणी करून घेतलं नसतं. आणि मग त्यांनी सुरी खाली ठेवली. “मानसी, तुझ्या छातीतलं माझंच आसंल का गं?”

तू लहान असताना मला एकदा परत खोकला झाला होता, तेव्हा दवाखान्यात गेलो नाही, असं ते सांगत होते. मी म्हटलं, आबा, मी टीबीच्या वॉर्डात काम केलंय, तिथूनच आलं असणार. कुठून आलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ते मान हलवत राहिले. त्यांना पटलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही.

“शिवाच्या घरी तुम्ही कधी गेलात?” मी विचारलं.

“दर दिवाळीला. त्येची आई हुती तवर.”

“काय म्हणायच्या त्या?”

“पैल्या वर्सी दार लावून घेतलं. दुसऱ्या वर्सी पानी दिलं. मग जेवाय घालू लागली. पर एक सांगू, जेवताना ती माझ्याकडं बघायची न्हवं, तवा तिला मी दिसतच न्हवतो.” त्यांनी बटाटे पाण्यात टाकले. “तू जा त्या इद्रिसच्या बायकोकडं. ती काय बोलंल ते ऐकून घे. कुनाला तरी ऐकाय पायजे.”

मी गेले नाही. इतक्यात जायला माझा पाय उचलेना.

युअर मॅन

औषधं संपली. एक्स-रेमध्ये पोकळीच्या जागी एक आकसलेली रेघ राहिली. शरद संपताना मी कामावर परतले, आणि नाताळानंतर जी लाट आली तिने सगळं भरून टाकलं. मी परत हुड चढवला, तोच उतारा वाचला, पास झाले. गेल्या वर्षी ज्या वॉर्डात जायचे राहिले होते त्याच वॉर्डात मला पाठवलं.

मी चांगलं काम केलं, हे मी म्हणू शकते. मीही आता खुर्ची घेऊन बसायला लागले होते. एक दिवस सकाळी लिक्सलिपच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी तपासत होते. ऑक्सिजन कमी झाल्यावर माणूस भ्रमात जातो, ते दोन दिवस काहीबाही बोलत होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

“युअर मॅन,” ते म्हणाले, इथल्या बोलीत म्हणजे ‘तो गडी’, “तो तुझ्यामागचा उंच. सारखा येतो, बोलत का नाही?”

मागे भिंत होती आणि हात धुवायचं बेसिन.

“त्याचं काम झालंय,” मी म्हटलं. का म्हटलं, ठाऊक नाही.

“मग बसू दे की त्याला,” ते म्हणाले.

मी त्यांची ऑक्सिजनची नळी नीट केली. त्यांना वाढीव ऑक्सिजन लावला आणि दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर आले, त्यांना काही आठवत नव्हतं. मला भुताखेतांवर विश्वास नाही. पण त्यानंतर त्या वॉर्डात मी भिंतीला पाठ लावून उभी राहत नसे. मागे थोडी जागा सोडायचे.

चहा

मे महिन्यात आपल्या काउंटीबाहेर, म्हणजे जिल्ह्याबाहेर जायची बंदी उठली. इद्रिसला जाऊन वर्ष झालं होतं. मी अमालला मेसेज केला. दोन दिवसांनी उत्तर आलं, रविवारी दुपारी या, बागेत बसू. आबा म्हणाले, “मी गाडीत बसतो. तू एकली जा.”

तिचं घर ब्लँचर्डस्टाउनला, एकसारख्या घरांच्या रांगेत. मागच्या बागेत तिने दोन खुर्च्या लांब लांब ठेवल्या होत्या. ट्रेमध्ये चहा, बडीशेपेचा वास येणारी बिस्किटं. मुलं आत होती. ती माझ्यापेक्षा लहान असावी. मी नमस्कार करायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

“खोकला आलेली डॉक्टर ती तूच,” ती म्हणाली.

“हो.”

“तो तुझ्याबद्दल सांगायचा. गोळ्या घेत नसेल ती, म्हणायचा.”

“घेतल्या. सगळ्या.”

मी घरून वाक्यं ठरवून आणली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. तिने चहा ओतला, कप ट्रेवर ठेवला आणि मागे सरून बसली.

“एक विचारू?” ती म्हणाली. “खरं सांग. डॉक्टर म्हणून सांग. त्याच्या जागी तू गेली असतीस तर मेली असतीस?”

वर्षभर मी स्वतःला हेच विचारत होते. “माझी फुफ्फुसं तेव्हा जशी होती,” मी म्हटलं, “तशात कोविड झाला असता तर बहुतेक हो.”

तिने कुंपणाकडे बघितलं. पलीकडे कुणाची तरी मुलं ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत होती.

“म्हणजे दोघांतलं एक,” ती म्हणाली.

“हो.”

“मला निवडायला सांगितलं असतं तर मी तुला निवडलं नसतं. कळतंय ना तुला?”

“कळतंय.”

“आणि तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला निवडलं नसतं.”

“नाही.”

“तर मग चहा घे,” ती म्हणाली. “गार होतोय.”

मी घेतला. आम्ही मुलांच्या शाळेबद्दल बोललो, तिच्या मुलीच्या उंचीबद्दल बोललो. तिने मला माफ केलं नाही, आणि माफ करण्यासारखं काही होतं असंही ती म्हणाली नाही. निघताना तिने दारापर्यंत सोबत केली आणि मी फाटकाबाहेर पडायच्या आत दार लावून घेतलं.

गाडीत आबा टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मी सगळं सांगितलं.

“परत ये म्हनाली का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“तरीबी जायाचं,” ते म्हणाले. “बोलावण्याची वाट बघायची नसती.”

उन्हाळ्यात आबा गावी परतले. मी जाते अमालकडे, अधूनमधून, रविवारी दुपारी. कधी ती दार उघडते आणि आम्ही चहा घेतो. कधी उघडत नाही. आत असते, पावलं ऐकू येतात. मग मी तिथेच थोडा वेळ उभी राहते, म्हणजे मी आले होते हे तिला कळावं, आणि परत फिरते.